वर्षभराचे प्रतिजैविक

गेल्या ऑगस्टमधील गोष्ट. पावसाची झड लागलेली होती. दवाखाना बंद करण्याच्या सुमारास एक गृहस्थ आपल्या आईला रिक्षातून घेऊन आले. काकूंचे वय 71. दोन वाक्ये सलग बोलता येत नव्हती इतकी धाप, छातीत घरघर आणि हिरवट-पिवळा बेडका. ऑक्सिजनचे प्रमाण 86 भरले. त्यांना तालुक्याच्या रुग्णालयात पाठवण्याची व्यवस्था करीत असताना मी जुनी कागदपत्रे मागितली, तेव्हा पिशवीतून ॲझिथ्रोमायसिनच्या चार न उघडलेल्या पट्ट्या बाहेर आल्या. शहरातील छातीविकारतज्ज्ञांनी मे महिन्यात त्या लिहून दिल्या होत्या: आठवड्यातून तीन दिवस एक गोळी, किमान सहा महिने. काकूंनी जूनअखेरपर्यंत घेतल्या, नंतर मुलाने थांबवल्या.

मी कारण विचारले. त्यांनी माझ्या टेबलामागच्या भिंतीकडे बोट दाखवले. तेथे मीच लावलेला फलक आहे. प्रतिजैविके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, गरजेपेक्षा अधिक दिवस घेऊ नयेत, जंतू औषधाला सरावतात, असे त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच तर सांगता. पाच दिवसांची गोळी सहा महिने घ्यायची, हे मला पटेना. आईला बरंही वाटत होतं. म्हणून बंद केल्या."

त्यांच्यावर रागावण्याचा अधिकार मला नव्हता. फलकावरचा मजकूर खोटा नाही. तो अपुरा आहे. त्या अपुरेपणाची भरपाई करावी म्हणून हा लेख.

काकूंना तरुणपणी क्षयरोग झाला होता. उपचार पूर्ण झाले, जंतू गेले; पण उजव्या फुफ्फुसातील काही श्वासनलिका कायमच्या सैल आणि रुंद झाल्या. या अवस्थेला ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. भारतातील 31 केंद्रांमधील 2,195 रुग्णांची नोंद 2019 साली प्रसिद्ध झाली, तीत या विकाराचे सर्वांत मोठे कारण पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग हेच आढळले. प्रमाण 35 टक्क्यांहून अधिक. त्यात भर म्हणजे काकूंची चाळीस वर्षे चुलीपुढे गेली. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या स्त्रियांच्या सूक्ष्म श्वासवाहिन्या धुराने कशा होरपळतात, हे ग्रामीण भागातील प्रत्येक डॉक्टर पाहत असतो.

या सूक्ष्म वाहिन्यांविषयी थोडे सांगावयास हवे. श्वासनलिका झाडाच्या फांद्यांप्रमाणे विभागत जाते आणि शेवटी दोन मिलिमीटरपेक्षाही बारीक अशा असंख्य डहाळ्या होतात. त्यांची संख्या इतकी मोठी असते की हवेच्या प्रवाहाला होणाऱ्या एकूण अडथळ्यात त्यांचा वाटा निरोगी माणसात अगदी थोडा असतो. त्यामुळे त्यांपैकी पुष्कळशा निकामी झाल्या तरी बराच काळ काहीच जाणवत नाही, आणि साध्या फुंकून करण्याच्या चाचणीतही फारसे दिसत नाही. धाप लागू लागते तेव्हा आतले नुकसान बरेच पुढे गेलेले असते.

नुकसान होते कसे? सुजलेल्या वाहिनीत कफ साचतो. साचलेल्या कफात जंतू घर करतात. जंतूंना मारण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी धाव घेतात आणि त्यांनी सोडलेले दाहक द्रव जंतूंबरोबर वाहिनीची भिंतही पोखरतात. पोखरलेल्या भिंतीमुळे कफ अधिकच साचतो. घरात उंदीर शिरला म्हणून बोलावलेल्या मंडळींनी उंदीर मारताना भिंतीही पाडाव्यात, असा हा प्रकार. अशा रुग्णाला दर वेळी पाच दिवसांची गोळी दिली की तात्पुरता आराम पडतो, आणि दोन महिन्यांनी तो पुन्हा दारात उभा राहतो.

या चक्रातून वाट दाखवणारी घटना जपानमध्ये घडली, आणि तिच्या मुळाशी माझ्यासारखाच एक साधा दवाखाना चालवणारा डॉक्टर होता, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. 1969 साली होम्मा आणि यामानाका या जपानी वैद्यकांनी सूक्ष्म श्वासवाहिन्यांच्या एका आजाराचे वर्णन केले. दोन्ही फुफ्फुसांत सर्वत्र पसरणाऱ्या या आजाराला इंग्रजीत डिफ्यूज पॅनब्राँकिओलायटिस असे नाव आहे. तो मुख्यतः पूर्व आशियात आढळतो; आपल्याकडे अगदी विरळा. सतत खोकला, रोज वाटीभर कफ, बहुतेकांना सायनसचा जुना त्रास, वाढत जाणारी धाप, आणि अखेरीस स्यूडोमोनास नावाच्या चिवट जंतूचा कायमचा मुक्काम, असा त्याचा प्रवास असे. सत्तरच्या दशकात निदान झालेल्या रुग्णांपैकी पाच वर्षांनंतर सुमारे 63 टक्केच हयात राहत.

टोकियोतील डॉ. शोजी कुदो यांच्याकडे असाच एक रुग्ण होता. तो काही काळानंतर परत आला तेव्हा आश्चर्यकारक सुधारलेला होता. चौकशी करता समजले की मात्सुमोतो गावातील एका खासगी दवाखान्याच्या डॉक्टरांनी त्याला एरिथ्रोमायसिन हे जुने, स्वस्त प्रतिजैविक दिवसाला 600 मिलिग्रॅम इतक्याच मात्रेत, पण दोन वर्षांहून अधिक काळ दिले होते. एखादे मोठे डॉक्टर "चुकीचा उपचार" म्हणून चिठ्ठी बाजूला सारते. कुदो यांनी तसे न करता हाच उपचार इतर रुग्णांवर पद्धतशीर करून पाहिला. 1985 ते 1990 या काळातील रुग्णांमध्ये पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण 91 टक्क्यांवर गेले.

यातील खरी मेख पुढे आहे. स्यूडोमोनास या जंतूवर एरिथ्रोमायसिन चालतच नाही. तरीही ज्यांच्या कफात तो जंतू होता त्यांनाही गुण आला. शिवाय एवढ्या कमी मात्रेत औषधाचे रक्तातील आणि कफातील प्रमाण जंतू मारण्याइतके पोहोचतही नव्हते. म्हणजे औषध जंतूंना मारून नव्हे, दुसऱ्याच मार्गाने काम करीत होते. पुढील संशोधनातून तो मार्ग उलगडला: पांढऱ्या पेशींना बोलावून घेणारे रासायनिक संदेश हे औषध मंदावते, कफाची निर्मिती घटवते, आणि जंतूंना एकत्र येऊन चिकट पापुद्रा बांधण्यापासून परावृत्त करते. थोडक्यात, भिंती पाडणाऱ्या मंडळींना ते आवरते.

म्हणून काकूंच्या मुलाला मी जे सांगितले ते असे. ही गोळी आणि तापात घेतलेली पाच दिवसांची गोळी यांचे नाव एक असले तरी काम वेगळे आहे. तापाच्या वेळी ती जंतूंविरुद्ध असते. येथे ती दाहाविरुद्ध आहे. दाह शमण्यास वेळ लागतो, दोन-तीन महिन्यांपूर्वी फरक दिसेलच असे नाही, आणि बरे वाटू लागले म्हणजे काम संपले असेही नाही. हा गुण मॅक्रोलाइड गटातील काही औषधांचाच आहे. अमॉक्सिसिलिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन महिनोन्महिने घेतल्याने तो मिळत नाही. आता एरिथ्रोमायसिनऐवजी बहुधा ॲझिथ्रोमायसिन देतात, कारण ते ऊतींमध्ये दीर्घकाळ टिकून राहते. त्यामुळेच सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीनच दिवस घेऊनही चालते.

गोळ्या थांबवल्या म्हणूनच ऑगस्टचा झटका आला, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पावसाळ्यात त्यांना दरवर्षीच त्रास होतो. मात्र आदल्या वर्षी त्यांना असे चार झटके आले होते, आणि प्रत्येक झटक्यानंतर त्या पूर्वीच्या पायरीवर कधीच परतल्या नव्हत्या. हे झटके टाळणे हाच या उपचाराचा हेतू असतो.

येथवर वाचून कोणी घरातील जुन्या खोकल्याच्या रुग्णासाठी औषधाच्या दुकानातून पट्टी आणावयास निघाले असेल, तर त्यांनी कृपया बसावे. लेखाचा उरलेला भाग त्यांच्यासाठीच आहे.

सीओपीडी, म्हणजे धूम्रपान वा धुराने होणारा श्वासमार्गाचा जुना विकार, असलेल्या 1,142 रुग्णांवरील अमेरिकेतील मोठी चाचणी 2011 साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना वर्षभर रोज 250 मिलिग्रॅम ॲझिथ्रोमायसिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली होती. पहिला झटका येईपर्यंतचा मध्यम काळ 174 दिवसांवरून 266 दिवसांवर गेला. वर्षाला माणशी झटके 1.83 वरून 1.48 झाले. लाभ खरा आहे, पण तो अमृत नव्हे, हे या आकड्यांतच दिसते. जे चाचणीच्या काळातही धूम्रपान करीत होते, त्यांच्यात तर लाभ दिसून आला नाही. विडी ओढत ओढत ही गोळी घेणे म्हणजे नळ सुरू ठेवून फरशी पुसणे.

आणि त्याच चाचणीने किंमतही दाखवली. श्रवणशक्ती घटलेल्यांचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत 25 टक्के, तर न घेणाऱ्यांत 20 टक्के होते. वर्षभरात ज्यांच्या नाका-घशात नव्याने जंतू वसले, त्यांच्यातील या औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंचे प्रमाण 81 टक्के आढळले. पोकळ गोळीच्या गटात ते 41 टक्के होते. म्हणजे माझ्या भिंतीवरचा फलक येथेही खराच ठरतो. म्हणूनच हा उपचार वर्षाला तीन किंवा अधिक झटके येणाऱ्या, आणि बाकीचे सर्व उपाय नीट करूनही ते न थांबणाऱ्या रुग्णांसाठी राखून ठेवतात. बाकीचे उपाय म्हणजे पंप योग्य रीतीने ओढणे (माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांपैकी बहुतेकांचे औषध टाळूला लागून संपते, स्पेसर वापरल्यास ते टळते), छाती मोकळी करण्याचे रोजचे व्यायाम, फ्लू आणि न्यूमोकॉकसची लस, आणि धुरापासून सुटका.

गोळी सुरू करण्यापूर्वीच्या तपासण्यांपैकी एक माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे: कफात क्षयाचे वा त्याच्या जातभाईंचे जंतू नाहीत याची खात्री. क्षयाच्या जातीचे काही इतर जंतू जुन्या, सैल झालेल्या श्वासनलिकांत राहतात आणि त्यांच्यावरील उपचारात ॲझिथ्रोमायसिन हेच मुख्य शस्त्र असते. ते एकटेच आणि थोडे थोडे दिले, तर जंतू त्याला सरावतात आणि पुढे गरजेच्या वेळी शस्त्र बोथट होऊन बसते.

या बाबतीत मी स्वतः एकदा चुकलो आहे. प्रतिजैविक दुसरे होते, पण चूक त्याच जातीची. एका निवृत्त शिक्षकांना जुना छातीचा विकार होता. खोकला वाढला आणि बारीक ताप येऊ लागला, तेव्हा मी त्यांना लिव्होफ्लॉक्सासिन दिले. चार दिवसांत ताप उतरला, भूक लागू लागली. महिन्याभराने तेच पुन्हा झाले आणि मी तेच औषध पुन्हा दिले. तिसऱ्या वेळी त्यांच्या पत्नीने मला विचारले, "थुंकी तपासायची का?" तपासली. क्षयरोग निघाला. लिव्होफ्लॉक्सासिन क्षयजंतूंना अर्धवट दाबते. म्हणून दोन्ही वेळा बरे वाटले आणि निदान दोन महिने लांबले. त्या दोन महिन्यांत घरात त्यांची लहान नात होती. तिला पुढे काही झाले नाही, हा आमच्या दैवाचा भाग; माझ्या शहाणपणाचा नव्हे. तेव्हापासून दोन आठवड्यांहून जुन्या खोकल्यासाठी प्रतिजैविकाची दुसरी चिठ्ठी लिहिण्यापूर्वी मी कफाची डबी हातात देतो. घरच्यांना माझी विनंती आहे की डॉक्टर विसरले, तर त्या बाईंप्रमाणे आपण विचारावे.

दुसरी तपासणी हृदयाच्या आलेखाची, म्हणजे ईसीजीची. या गटातील औषधांमुळे काहींच्या हृदयाच्या ठोक्यांचा विद्युत्-काल लांबतो आणि क्वचित ठोके धोकादायकरीत्या बिघडतात. सुरू करण्यापूर्वी एक आणि साधारण महिन्याने एक ईसीजी काढतात. येथे घरातील औषधांच्या डब्याचा संबंध येतो. ॲसिडिटीच्या ज्या कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोन असते ती, उलटी थांबवणारी ऑन्डान्सेट्रॉन, हृदयाच्या ठोक्यांसाठीचे ॲमिओडॅरोन, नैराश्यावरील काही औषधे, आणि वर सांगितलेले लिव्होफ्लॉक्सासिनही, हाच काल लांबवतात. दोन एकत्र आली की धोका वाढतो. रक्त पातळ करणारे वॉरफरिन आणि हृदयाचे डिगॉक्सिन यांच्या मात्रेवरही लक्ष ठेवावे लागते. एरिथ्रोमायसिन वा क्लॅरिथ्रोमायसिन असेल तर कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्यांचे पटत नाही. म्हणून पहिल्या भेटीस जाताना यादी करीत बसू नये. सबंध डबा पिशवीत घालून न्यावा. त्यात शेजारणीने दिलेली गोळीही असू द्यावी.

यकृताची रक्तचाचणी आणि कानांची तपासणी या आणखी दोन.

सुरू झाल्यावरची राखण मात्र डॉक्टरपेक्षा घरच्यांच्याच हाती असते. ऐकू कमी येते हे वृद्ध माणूस स्वतः सांगत नाही. दूरदर्शनचा आवाज वाढतो, आणि ते सुनेच्या लक्षात येते. कानात गुणगुण, तोल जाणे हीही तीच खूण. जुलाबाविषयी ज्येष्ठ मंडळी संकोचाने बोलत नाहीत, म्हणून विचारावे लागते. छातीत धडधड होऊन डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा शुद्ध हरपली, तर पुढील गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. औषध चालू असताना झटका आलाच, तर त्याच गोळ्यांची संख्या वाढवू नये. झटक्याला दुसरे प्रतिजैविक लागते, आणि ते लिहिणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ही गोळी चालू असल्याचे सांगितलेच पाहिजे. रात्री-अपरात्री गाठलेल्या अनोळखी डॉक्टरला तर आधी.

काकू रुग्णालयातून नऊ दिवसांनी घरी आल्या. कफाची तपासणी पुन्हा झाली, क्षयाच्या जातीचे जंतू नाहीत हे कळले, ईसीजी ठीक आला आणि सप्टेंबरच्या मध्यापासून गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मुलाने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सोमवार, बुधवार आणि शुक्रवारच्या चौकटींत लाल टिंबे काढली आहेत. गोळी दिली की टिंबाभोवती वर्तुळ. झटका आला की फुली. नातवाने रोजच्या कफाचे माप चहाच्या चमच्यांत लिहिण्याचे काम आपण होऊन अंगावर घेतले; काकूंना ते मुळीच आवडत नाही, पण वही मला फार उपयोगी पडते. सप्टेंबरपासून आजवर एकच फुली आहे, दिवाळीच्या धुराच्या वेळची, आणि ती घरच्या घरी निभावली.

गेल्या महिन्यात कानांची दुसरी तपासणी झाली. उंच पट्टीचे स्वर आधीपेक्षा थोडे कमी ऐकू येतात, असा अहवाल आहे. तो वयाचा भाग असू शकतो, औषधाचाही असू शकतो. काकूंचे म्हणणे असे की त्यांना काहीच फरक जाणवत नाही आणि गोळी थांबवू नये. मुलाला आता थांबवण्याचीच भीती वाटते. तज्ज्ञांशी मी दूरध्वनीवर बोललो. हवा कोरडी आहे आणि छाती मोकळी आहे, तोवर एप्रिलमध्ये गोळ्या थांबवून पाहाव्यात, सहा आठवड्यांनी कान पुन्हा तपासावेत आणि पावसाळ्यापूर्वी एकत्र बसून पुढचे ठरवावे, असे ठरले आहे. मुलाने एप्रिलपासूनच्या चौकटींतील टिंबे अजून खोडलेली नाहीत. ती तशीच राहू द्यावीत, असे मीही त्यांना सांगितले.